मांजराचे जेवण आपल्याच चुलीवर

मांजर आडवे गेले म्हणून कामावर निघालेला माणूस चार पावले मागे फिरतो, ही खुळी समजूत आपल्या वस्त्यांमधून आता बरीचशी हद्दपार झाली आहे. शिकलेल्या मुलामुलींनी ती आईवडिलांच्या डोक्यातून काढली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मांजराविषयीची दुसरी एक समजूत अजूनही घराघरात ठाण मांडून बसली आहे. मांजराला काय लागते? बशीभर दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी! ही समजूत पहिलीइतकीच खोटी आहे. फरक एवढाच की, पहिलीने माणसाचे नुकसान होत होते आणि दुसरीने मुक्या जनावराचे होते.

मांजर पाळणे ही काही बंगल्यातल्या लोकांचीच हौस नाही. सातपूर आणि अंबडच्या कामगार वसाहतीत जा, नाशिकरोड-देवळालीगावाकडे जा, पंचवटीतल्या फुलेनगरात जा. गल्लीत एखादे तरी मांजर कुणाच्या ना कुणाच्या उंबऱ्यावर बसलेले दिसतेच. पत्र्याच्या घरात उंदीर फार. पोत्यातली बाजरी, गव्हाचा डबा, मुलांची वह्या-पुस्तके, काहीही त्यांच्या दातातून सुटत नाही. म्हणून मांजर आणले जाते. मग मुलांना त्याचा लळा लागतो आणि ते घरातलेच एक होऊन बसते. प्रश्न येतो तो त्याच्या जेवणाचा. दुकानातले मांजराचे खाणे पाकिटात मिळते, पण महिनाभर ते पुरवणे दर घराला झेपत नाही. मग घरात उरलेले त्याच्यापुढे टाकले जाते. वरणभात, दूधपोळी, कालच्या रश्शातली भाकरी. मांजर भुकेपोटी ते खाते आणि आपल्याला वाटते, चालले आहे.

चाललेले नसते. आणि गंमत अशी की, मांजराला जे खरोखर लागते ते आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी नाही. थोडी माहिती घेतली तर पुष्कळसे घरच्या घरी करता येते. काय घालावे, काय मुळीच घालू नये आणि घरच्या जेवणाची मर्यादा कोठे आहे, हे या लेखात पाहू.

बिबट्याच्या घराण्यातले जनावर

निफाडच्या उसात शिरणारा बिबट्या आणि आपल्या चुलीशेजारी पाय दुमडून बसलेली मनी ही एकाच घराण्यातली. बिबट्यापुढे कुणी वरणभात ठेवणार नाही. मग मनीपुढे का ठेवायचा? माणूस धान्यावर जगू शकतो, कुत्राही बऱ्याच अंशी जगू शकतो. मांजर जगू शकत नाही. त्याचे आतडे आखूड असते, दात मांस फाडण्यासाठी असतात, आणि शरीराला लागणारे काही पदार्थ ते स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. ते त्याला तयार स्वरूपात, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या मांसातूनच मिळवावे लागतात.

यातला सर्वांत महत्त्वाचा पदार्थ म्हणजे टॉरीन. तो वनस्पतीत जवळजवळ नसतोच. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की, आहारात टॉरीन नसेल तर मांजराच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजतो आणि ते आंधळे होते. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी याहून धक्कादायक गोष्ट उघडकीस आणली. हृदय फुगून, कमजोर होऊन मरणाऱ्या कित्येक मांजरांच्या रक्तात टॉरीनच कमी होते. ही मांजरे काही उपाशी नव्हती. ती दुकानातली पाकिटे खात होती! वेळेवर टॉरीन दिल्यावर त्यांतली अनेक सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी आपल्या खाण्यात टॉरीनचे प्रमाण वाढवले. यातून दोन धडे मिळतात. टॉरीनशिवाय मांजराचे चालत नाही, हा पहिला. आणि पाकीट महागडे आहे म्हणून आतले सगळे बरोबरच असते असे नाही, तपासावे लागते, हा दुसरा.

टॉरीनसारखीच 'अ' जीवनसत्त्वाची गोष्ट. गाजर, पालक खाऊन माणसाचे शरीर त्यातून 'अ' जीवनसत्त्व बनवते. मांजराला ते जमत नाही. त्याला ते कलेजीतून, अंड्यातून घ्यावे लागते. गोडाचेही तसेच. मांजराला गोड चव कळतच नाही, कारण ती चव ओळखणारे एक जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे. हे २००५ साली सिद्ध झाले. तेव्हा मुलांनी आपल्या ताटातला शिरा प्रेमाने त्याला भरवला तरी त्याला त्यात तूप-दुधाचा वास तेवढा आवडतो, साखर नव्हे.

येथे एक प्रश्न आपल्या घरांपुढे येतो. धम्माच्या वाटेने जाताना काही कुटुंबांनी मांसाहार सोडला आहे. अशा घरातले मांजरही शाकाहारी करता येईल का? याचे सरळ उत्तर, घरच्या डाळभातावर नाही. आपण काय खावे हे आपण समजून उमजून ठरवतो. मांजराला तशी निवड करता येत नाही. त्याच्यावर आपला नियम लादला तर ती करुणा होत नाही, त्याची झीज होते. घरात मांस शिजवायचे नसेल तर चांगले तयार खाणे आणावे किंवा मांजर पाळूच नये. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत.

दूध: लाडाचे, पण पोटाचे शत्रू

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण खरी आहे. ते पिते, पण पचवते असे नाही. पिल्लू आईच्या अंगावर पिते तोवर त्याच्या पोटात दुधातली साखर पचवणारा रस असतो. मोठे झाल्यावर बहुतेक मांजरांत तो कमी होत जातो. मग गाई-म्हशीचे दूध पोटात जाऊन आंबते, गुबारा धरतो, पातळ शी होते. घरातल्या बाया म्हणतात, 'मनीला हगवण लागली, काहीतरी बाहेरचे खाल्ले.' बाहेरचे नव्हे, बशीतलेच खाल्लेले असते.

एखाद्या मांजराला चमचाभर दूध पचते, नाही असे नाही. पण ते त्याचे जेवण नव्हे. त्याला प्यायला लागते ते स्वच्छ पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या, रेताड प्रदेशातले रानमांजर. त्यांना पाणी बहुतेक शिकारीच्या अंगातूनच मिळे. म्हणून मांजराला तहान कमी लागते आणि कोरड्या खाण्यावर असलेले मांजर पुरेसे पाणी पीत नाही. घरच्या शिजवलेल्या ओल्या जेवणाचा मोठा फायदा येथेच आहे. पाणी जेवणातूनच पोटात जाते.

आईवेगळ्या पिल्लाची गोष्ट वेगळी आहे. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिने जास्त असतात. त्यामुळे गाईच्या दुधात पाणी घालून पिल्लाला पाजणे म्हणजे त्याला अर्धपोटी ठेवणे होय. पिल्लांसाठी दुधाची वेगळी भुकटी मिळते. ती पशुवैद्याला विचारून आणावी.

नाशिकचा कांदा, नाशिकची द्राक्षे

आपल्या जिल्ह्याचे नाव दोन गोष्टींनी सर्वदूर झाले, कांदा आणि द्राक्षे. लासलगावची बाजारपेठ आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. दिंडोरी-निफाडची द्राक्षे बोटीने परदेशी जातात. नाशिककरांच्या घरात या दोन्ही गोष्टींची चणचण नसते. आणि नेमक्या याच दोन गोष्टी मांजराच्या बशीत कधीही पडता कामा नयेत.

कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. माणसाच्या रक्ताला जे सहज सोसते ते मांजराच्या रक्ताला सोसत नाही. वजनाच्या दर किलोला सुमारे ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी अपाय दिसू लागतो. म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, लहानशा कांद्याच्या दोन-तीन फोडी पुरे. लसूण तर याहून तिखट मारा करतो. कच्चा असो, तळलेला असो, की वाटणात शिजलेला असो, विष कमी होत नाही. लगेच काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी मांजर मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस-काळपट होते.

आता विचार करा. आपल्या घरचा मटणाचा रस्सा म्हणजे काय? भाजलेला कांदा, लसूण, खोबरे, काळा मसाला. त्यात भिजवलेली भाकरी आपण मांजराला घालतो. काही भगिनी मांसाचे फोड नळाखाली धुऊन घालतात. पण वाटणाचा रस फोडीच्या आत मुरलेला असतो, तो धुऊन जात नाही. यावर उपाय सोपा आहे, तो पुढे येईलच.

द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची पुष्कळ उदाहरणे आहेत. मांजरांनाही तो धोका संभवतो, म्हणून देऊच नये. याशिवाय चॉकलेट, चहा-कॉफी, मळलेली कच्ची कणीक आणि दारू ही मांजराला वर्ज्य. आणि सर्वांत महत्त्वाचे: घरातली तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. माणसाच्या एका गोळीने मांजर मरू शकते. लहान मुलाला अर्धी देतो, तर मांजराला पाव देऊ, असा हिशोब येथे चालत नाही.

जे टाकाऊ म्हटले, तेच टॉनिक

मांजर उंदीर मारते तेव्हा फक्त मांडीचे मांस खात नाही. काळीज, हृदय, हाडे, सगळे खाते. म्हणून नुसते मऊ छातीचे चिकन घालणे म्हणजे त्याला अर्धे जेवण देणे होय. टॉरीन सर्वांत जास्त कशात? हृदयात. मग मांडी-तंगडीच्या गडद मांसात. छातीच्या पांढऱ्या मांसात त्यापेक्षा कमी. 'अ' जीवनसत्त्व कशात? कलेजीत.

ही माहिती आपल्या आज्या-पणज्यांना पुस्तकातून शिकावी लागली नसती. जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ न देता तो निगुतीने साफ करून शिजवणे, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. वजडी, तिल्ली, गुर्दे, मुंडी, पाय आणि उन्हात वाळवलेल्या चान्या, हे सगळे त्यांनी हौसेने निवडले नव्हते. गावाने चांगला वाटा स्वतःकडे ठेवला आणि आपल्या वाट्याला हे आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या अन्नाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात तपशिलाने केली आहे. त्या सक्तीचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु त्या सक्तीतून जे ज्ञान आले ते आपले आहे आणि त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही. चिकनच्या दुकानात आज 'दिल' आणि 'कलेजी-पेटा' वेगळा काढून ठेवलेला असतो. पुष्कळ गिऱ्हाइके तो घेत नाहीत, म्हणून तो मांसापेक्षा स्वस्त पडतो. मांजराच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची चीज आहे.

चार दिवसांचे पातेले

४ किलो वजनाच्या, धडधाकट, मोठ्या मांजराचे साधारण चार दिवसांचे जेवण असे करावे.

साहित्य:
बिनहाडाचे तंगडीचे चिकन — ५०० ग्रॅम
कोंबडीचे दिल — १०० ग्रॅम
कोंबडीची कलेजी — २५ ग्रॅम
अंडे — १
अंड्याच्या कवचाची बारीक पूड — पाऊण लहान चमचा
शिजवलेला लाल भोपळा — १ मोठा चमचा (असला तर)

कृती: दिल मधोमध चिरून आतले रक्त धुऊन काढा. चिकन, दिल आणि कलेजी यांचे बोराएवढे तुकडे करा. पातेल्यात हे तुकडे बुडतील एवढेच पाणी घाला. मीठ, हळद, तेल, आले, लसूण काही घालू नका. झाकण ठेवून मंद आचेवर चांगले शिजवा. आत कुठे गुलाबी राहता कामा नये. शेवटी अंडे फेटून त्यात सोडा आणि ते घट्ट होईपर्यंत ढवळा. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग देऊ नये, त्याने एक जीवनसत्त्व शरीराला मिळेनासे होते. पातेले खाली उतरवून कोमट झाले की कवचाची पूड आणि भोपळा मिसळा.

शिजवलेले पाणी मुळीच फेकू नका. टॉरीन पाण्यात उतरते. ते फेकले तर दिल घालून काय उपयोग? सगळा रस मांसातच कालवून द्या.

कवचाची पूड कशासाठी? मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम फार थोडे. रानात हाडे खाऊन ती तूट भरून निघते. नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात, उडी मारताना पाय मोडतो. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत. त्यांच्या अणकुचीदार चिपा होऊन घशात-आतड्यात रुततात. म्हणून कवच. अंड्यांची कवचे धुऊन दहा मिनिटे उकळा, उन्हात खडखडीत वाळवा, तव्यावर थोडी भाजा आणि मिक्सरमध्ये किंवा खलबत्त्यात पिठासारखी बारीक करून कपड्याने गाळून घ्या. एका कवचाची साधारण एक लहान चमचा पूड होते. कोरड्या बरणीत ती बरेच दिवस टिकते.

एवढ्या पातेल्याचे चार भाग करा. एक भाग एका दिवसाचा, तो दोन-तीन वेळा विभागून द्या. ज्याच्या घरी फ्रिज आहे त्याने दोन दिवसांचे खालच्या कप्प्यात आणि उरलेले बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. देताना कोमट करावे. मांजराला उंदराच्या अंगाइतके ऊबदार अन्न आवडते, थंडगार गोळ्याकडे ते पाठ फिरवते.

फ्रिज नसलेल्या घराने रोजचे रोज करावे. घरात चिकन किंवा मटण आणले की फोडणी घालण्याआधी मांजराचा वाटा लहान पातेलीत वेगळा काढा. लहान मुलांसाठी आपण अळणी काढतो ना, तसेच. फरक एवढाच की यात मीठ-हळद-लसूणही नको. दीडशे ग्रॅमच्या आसपास मांस आणि दिल, सुपारीएवढी कलेजी, दोन चिमूट कवचाची पूड, झाला एका दिवसाचा बेत. नाशिकचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीकडे. अशा दिवसांत बशीत उरलेले तासाभरात उचलून टाकावे. सकाळचे संध्याकाळी घालू नये.

बाजरीची भाकरी किंवा भात कुस्करून चमचाभर मिसळला तर बिघडत नाही. पण भाकरीत चमचाभर मांस आणि मांसात चमचाभर भाकरी यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे ध्यानात ठेवावे.

मासे आणि सुकट

मासळीचा वास आला की मांजर शेपटी ताठ करून पायात घुटमळते. म्हणून मासेच रोज घालावे असे वाटते. तसे करू नये. काही कच्च्या माशांत 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. असे मासे रोज खाल्ले तर मांजराची मान लटकते, चाल बिघडते, झटके येतात. शिजवल्याने ते द्रव्य नाहीसे होते. आठवड्यातून एक-दोन वेळा रोहू, कटला किंवा चिलापीचा तुकडा वाफवून, काटे बोटांनी चाचपून काढून द्यावा. डोके आणि काटे गल्लीतल्या मांजरांपुढेही टाकू नयेत. काटा त्यांच्याही घशात अडकतो.

आठवडे बाजारातले सुकट-बोंबील खारवलेले असू शकतात आणि त्यात रेतीही असते. द्यायचे तर तासभर पाण्यात भिजत ठेवून, पाणी दोनदा बदलून, मग द्यावे. तेही चवीपुरते.

खाऊ कसा करावा?

मुलांना मांजराला काहीतरी 'खाऊ' द्यायचा असतो. ते देतात बिस्किट, फरसाण, वेफर्स. त्याऐवजी या तीन गोष्टी करून ठेवा.

कलेजीचे कण: कोंबडीची कलेजी उकळून घ्या, हरभऱ्याएवढे तुकडे करा आणि कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर ओल जाईपर्यंत परता. जुन्या चान्यांचीच ही धाकटी बहीण म्हणा. आठवड्यातून दोनदा, तीन-चार कण. कलेजी गुणाची आहे, पण रोज पोटभर दिली तर 'अ' जीवनसत्त्व अती होऊन हाडे आखडतात.

सुकटीचा चुरा: धुऊन खारटपणा काढलेली सुकट वाळवून तव्यावर तेलाशिवाय भाजा आणि चुरडून ठेवा. मांजर जेवत नसेल तेव्हा जेवणावर चिमूटभर भुरभुरवा, ते ताटाकडे वळते.

वाफवलेले अंडे: एक अंडे आणि दोन चमचे बिनमसाल्याचा चिकनचा रस फेटून वाटीत वाफवा. वडीसारखे कापून घ्या. एक-दोन तुकडे मांजराचे, उरलेल्याला मीठ-मिरपूड लावून मुलांचे.

दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा खाऊ जास्त नको. हात लावला की खाऊ, म्यांव केले की खाऊ, अशी सवय लागली की मांजर फुगते. नसबंदी केलेले मांजर तर लवकर अंग धरते, त्याचा वाटा थोडा कमीच ठेवावा.

कच्चे का नको?

'रानात कुठे कुणी शिजवून घालते?' असे काही जण विचारतात. याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळाले आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ साली कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली, ती देशातली पहिली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तेव्हा तपासणीत हाच विषाणू निघाला. खाण्यासाठी दिलेल्या मांसातून तो आला असावा, असा संशय घेतला गेला. २०२५ च्या सुरुवातीस शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, पाळीव मांजरांतही तो सापडला. मार्जारकुळाला हा रोग फार भारी पडतो. चांगले शिजवल्याने विषाणू मरतो. कच्च्या मांसातले जंत आणि जंतू जातात ते वेगळेच. मांजर घरात मुलांच्या अंथरुणात झोपते, म्हणून त्याचे अन्न शिजवणे हे मुलांच्याही हिताचे आहे. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची विष्ठा तिने साफ करू नये, ते काम दुसऱ्याने करून हात धुवावेत. मांजराला हाकलून देण्याची मात्र गरज नाही.

घरच्या जेवणाची मर्यादा

एवढे वाचून कुणी म्हणेल, आता पाकिटाची गरजच उरली नाही. तसे नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी मांजराच्या घरगुती जेवणाच्या ११४ पाककृती गोळा करून तपासल्या. पुस्तकांतल्या होत्या, डॉक्टरांनी लिहिलेल्याही होत्या. हिशोब करता येण्याजोग्या पाककृतींपैकी एकही सर्व दृष्टींनी पुरी नव्हती. जस्त, 'ई' जीवनसत्त्व अशा बारीक गोष्टी कुठे ना कुठे कमी पडत होत्या. वर दिलेले पातेलेही याला अपवाद नाही. दूधपोळीपेक्षा ते कैक पटींनी चांगले आहे, परंतु वर्षानुवर्षे फक्त त्याच्यावर मांजर ठेवणे बरोबर नाही.

मग काय करावे? जमेल त्याने निम्मे तयार खाणे आणि निम्मे घरचे असे ठेवावे. पाकिटावर ते मांजराचे 'संपूर्ण आहार' आहे असे लिहिलेले पाहावे. स्वस्त मिळते म्हणून कुत्र्याचे खाणे आणू नये, ते मांजराला पुरे पडत नाही. ज्यांना पूर्ण घरचेच घालायचे आहे त्यांनी पशुवैद्याकडून टॉरीन आणि जीवनसत्त्वांची पूड लिहून घ्यावी. वाढती पिल्ले, गाभण मांजरी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेली मांजरे यांच्यावर घरगुती प्रयोग करू नयेत. आणि दूधपोळीवरून नव्या जेवणावर एकदम उडी नको. आठ-दहा दिवसांत थोडे थोडे बदलावे.

दोन धोक्याच्या खुणा प्रत्येकाने पाठ कराव्यात. बोका पुन्हा पुन्हा मुतायला बसतो, ओरडतो, पण थेंब येत नाही, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. लघवी अडली आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एक-दोन दिवसांत तो मरू शकतो. दुसरी खूण, मांजर दोन दिवस काहीच खात नाही. 'भूक लागली की खाईल' असे म्हणून थांबू नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मग ते खायचेच विसरते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाईम्हशींसाठीच असतो असे समजून घरी बसू नका. मांजरही तेथे दाखवता येते.

'माणसाला मिळत नाही, तिथे मांजराला?'

हा प्रश्न आपल्या घरात कुणीतरी विचारतेच आणि तो विचारणाऱ्याला हसू नये. महिनाअखेरीला घरात चिकन येत नाही, मुलाला अंडे मिळत नाही, तेव्हा मांजराच्या पातेल्याचा विषय काढणे जड जाते. घरातल्या लेकराच्या तोंडचे काढून मांजराला घाला, असे कुणीच म्हणणार नाही. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी उकडलेले अंडे घालावे, तेही नसेल तर भातात सुकट घालावी, दोन-चार दिवस भागवावे. मांजर एका आठवड्याच्या ओढाताणीने मरत नाही, वर्षानुवर्षांच्या चुकीच्या बशीने आजारी पडते. आणि या लेखातल्या निम्म्या गोष्टींना पैसाच लागत नाही. दूध न घालण्याला खर्च येतो का? उलट पाव लिटर दूध वाचते, ते मुलाला द्या. फोडणीआधी वाटा काढायला काय लागते? फेकून द्यायची कवचे वाळवायला काय लागते? गोळी न देणे, कांदा न घालणे, यात एक पैसाही जात नाही.

जो जीव आपण दारात बांधून किंवा बशीला लावून आपल्यावर अवलंबून केला, त्याच्या गरजा आपल्या सोयीने ठरवू नयेत, एवढेच मागणे आहे. या कामात घरातल्या मुलांना घ्या. कवचे वाळवणे, पूड करणे, पाण्याची वाटी रोज धुऊन भरणे, बशी किती रिकामी झाली ते पाहणे, ही दहा वर्षांच्या पोराला सहज जमणारी कामे आहेत. कांदा का नको, दूध का नको, हे त्याला कारणासकट सांगा. सांगोवांगी ऐकलेले सोडून तपासलेले धरायचे, हा धडा त्याला वहीत सापडेल तसा मांजराच्या बशीतही सापडेल.